एंडोमेट्रिओसिस : निदान व उपचार

एंडोमेट्रिओसिस हा गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे ऊतक (सारख्या पेशींचा समूह) अंडाशयांवर, ओटीपोटाच्या आतील आवरणावर आणि काही वेळा आतडे वा मूत्राशयावर रुजल्याने होणारा दीर्घकालीन विकार असून प्रजननक्षम वयातील सुमारे १०% स्त्रियांना तो होतो. हे ऊतक इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसले जाते आणि त्याच्या दाहामुळे ओटीपोटातील अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीतील असह्य दुखणे, शरीरसंबंधाच्या वा शौचाच्या वेळच्या वेदना आणि वंध्यत्व ही त्याची मुख्य लक्षणे होत.

निदानाला पुष्कळदा कित्येक वर्षे लागतात. पाळीत दुखायचेच, लग्न झाले की थांबेल, अशी समजूत घरात असते आणि दवाखान्यातही ती अगदीच अनोळखी नाही. शिवाय रोगाचा विस्तार व वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नसल्याने, मोजकेच ठिपके असलेली स्त्री कळवळते, तर मोठी गाठ असलेलीला काहीच जाणवत नाही, असेही घडते. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत अंडाशयातील ‘चॉकलेट सिस्ट’, म्हणजे जुने, दाट, तपकिरी रक्त साचलेली गाठ, घासलेल्या काचेसारखी धूसर दिसते, आणि प्रोबचा (तपासणीच्या दांडीचा) हलका दाब देऊनही गर्भाशय व मलाशय एकमेकांवरून सरकत नसतील तर ते चिकटल्याचा संशय बळावतो. पृष्ठभागावरचे बारीक ठिपके मात्र सोनोग्राफीत वा एमआरआयमध्ये सहसा सापडत नाहीत, म्हणून तपासणी निर्दोष आली तरी रोग नाही असे ठरत नाही. सीए-१२५ ही रक्तचाचणीही निदानास पुरेशी नाही. दुर्बिणीतून पोट पाहणे ही पूर्वी निदानाची कसोटी मानली जाई. मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञानाच्या युरोपीय संस्थेने २०२२ मध्ये ती भूमिका बदलली आणि लक्षणांवरून थेट औषधोपचार सुरू करण्यास मान्यता दिली.

उपचारांत वेदनाशामके, गर्भनिरोधक गोळ्या, रोज २ मिग्रॅ. डायनोजेस्ट हे संप्रेरक किंवा संप्रेरकयुक्त तांबी यांचा क्रम प्रथम लागतो. ही संप्रेरके रोगाला दाबून ठेवतात, पण गर्भधारणेची शक्यता वाढवत नाहीत, आणि ती बंद केल्यावर दुखणे परतू शकते. तात्पुरती रजोनिवृत्ती घडवणारी इंजेक्शने हाडे विरळ करतात, म्हणून त्यांच्या जोडीला अल्प मात्रेत संप्रेरके देतात.

शस्त्रक्रियेचा निर्णय स्त्रीला मूल हवे आहे की नाही यावर बराचसा अवलंबून असतो, कारण गाठ सोलून काढताना अंडाशयातील निरोगी भागही थोडा जातो व बीजांचा साठा घटतो. एकाच अंडाशयावर वारंवार शस्त्रक्रिया करणे म्हणूनच टाळावे. गर्भाशय काढल्यानेही वेदना थांबतीलच अशी हमी नसते, विशेषतः इतरत्र रुजलेले ऊतक तसेच राहिले असेल तर.