दुसऱ्या पुड्याची लाज

शिकागोच्या बालाबान अँड कॅट्झ चित्रपटगृहांत डेव्हिड वॉलरस्टाइन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पॉपकॉर्न संपले तरी लोक दुसरा पुडा घेत नाहीत. खायची इच्छा असते, पण हावरट दिसायची लाज वाटते. त्यांनी पुडाच मोठा केला. खप वाढला.

पुढे ते मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले. मोठं पाकीट कशाला, असं रे क्रॉक यांचं म्हणणं; ज्याला जास्त फ्राइज हव्यात तो दोन घेईल! वॉलरस्टाइन यांनी गिऱ्हाइकांवर नजर ठेवली. लोक पाकिटाचा तळ खरवडत होते. १९७२ मध्ये 'लार्ज' फ्राइज आल्या.

बटाटा स्वस्त, जागेचं भाडं आणि पगार तेवढेच. त्यामुळे थोड्या जास्त पैशांत बरंच जास्त देणं दुकानाला परवडतं. शरीराला मात्र हिशेब जमत नाही. बार्बरा रोल्स यांच्या २००२च्या प्रयोगात ५०० ग्रॅमऐवजी १००० ग्रॅम मॅकरोनी समोर आली, तेव्हा लोकांच्या पोटात सुमारे ३० टक्के जास्त उष्मांक गेले.

आपल्या पंगतीत आग्रह असतो, पण वाढपी दर फेरीला विचारतो. हात आडवा धरून 'पुरे' म्हणता येतं. 'लार्ज'चं बटण तो प्रश्न एकदाच विचारतं, तेही पहिल्या घासाआधी.