कासवदृष्टी



कासवी पिल्लांना दूध पाजीत नाही, ती त्यांना केवळ दृष्टीने वाढविते, असे आपले संत सांगत आले. प्राणिशास्त्राचे म्हणणे निराळे आहे. कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पिल्लांचे तोंडही ती पाहत नाही. मग नामशेष होऊ लागलेल्या कासवाला ती दृष्टी द्यायची कोणी? पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात माणसांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

१८३९ साली लुडविग प्राइस या जर्मन संग्राहकाने त्या मुलखात एक छोटे कासव मिळविले. ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात गेले. चिठ्ठीवर ठिकाण म्हणून ‘नवहॉलंड’ एवढेच. म्हणजे सारा ऑस्ट्रेलिया खंड! १९०१ साली सीबेनरॉक यांनी ती नवी जात असल्याचे जाहीर केले. पुढे अर्धशतक ते कासव शास्त्रज्ञांना दिसलेच नाही. १९५३ साली पर्थमधील एका प्रदर्शनात एका शाळकरी मुलाने आपले कासव मांडले. तेथील संग्रहालयाच्या ग्लाउअर्ट यांनी त्याला पुढल्याच वर्षी नवे नाव दिले. पण हे तर व्हिएन्नातलेच कासव, हे विल्यम्स यांनी १९५८ मध्ये दाखविले. खंडभर हरवलेले कासव शहराच्या वेशीवरच होते.

मात्र त्याचे घर मोडत आले होते. स्वान खोऱ्यातील चिकणमातीच्या उथळ पाणथळी हा त्याचा संसार. तिकडला हिवाळा जूनमध्ये येतो, पावसाने तळी भरतात, आणि कासव पाण्यातले किडे, बेडूकमासे खाऊन अंग धरते. उन्हाळ्यात तळी आटली, की बिळात किंवा पाल्यापाचोळ्याखाली पडून राहते. मादी एका वेळी तीन ते पाच अंडी घालते. पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षेही लागतात. इतक्या सावकाश चालणाऱ्या प्रपंचावर शेती आणि मातीच्या खाणी येऊन आदळल्या. १९६२ साली दोन पाणथळी राखीव झाल्या. परंतु सरकारी हद्दीने पाऊस थांबून राहत नाही, आणि परदेशातून आणलेला लाल कोल्हा हद्द ओळखीत नाही. १९८० नंतरच्या दशकात ज्ञात कासवे पन्नासाच्या आत आली.

बंदिवासात पैदास करण्याचा प्रयत्न १९५९ पासूनच चालू होता. पण फळ थोडे. १९८७ साली ऑस्ट्रियाहून आलेल्या गेराल्ड कुखलिंग यांनी काम हाती घेतले. ध्वनिलहरींच्या यंत्राने त्यांनी मादीच्या पोटातील अंड्यांची वाढ, तिला इजा न करता पाहिली. खाणे आणि राहणे निसर्गातील ऋतुचक्राशी जुळविले. लवकरच पर्थच्या प्राणिसंग्रहालयात पिल्ले जन्मू लागली. आजवर तेथे हजारावर पिल्ले निपजली आहेत. पिल्लू साधारण शंभर ग्रॅम वजनाचे झाले, की त्याला पाणथळीत सोडतात.

येथे गोष्ट संपली असे वाटेल. खरी कसोटी येथेच लागली. कोल्ह्यासाठी कुंपण घालावे लागले. १९७० नंतर त्या भागातला पाऊस घटत गेला, म्हणून एका राखीव पाणथळीत जमिनीखालचे पाणी उपसून सोडावे लागले. शेवटी २०१६ साली काही कासवे दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटर दूर, जेथे ती पूर्वी कधीच नव्हती अशा अधिक ओल्या प्रदेशात, प्रयोगादाखल सोडली. घर कासवापासून दूर गेले. तेव्हा माणसाने कासवाला घरामागे नेले.

या इतिहासाचा अर्थ मला असा दिसतो. बंदिवासातील पैदास ही तारण नव्हे, ती उचल आहे. तिने काही वर्षांची सवड मिळते. तेवढ्यात पाणथळ सावरली नाही, तर पिंजऱ्यातली हजार पिल्लेही निराधारच. १९५३ साली कुतूहलाने एका कासवावर नजर पडली. पुढे पाऊणशे वर्षे ती नजर ढळू दिली नाही, हेच या कार्याचे मोठेपण. संतांनी कासवीला दिलेली दृष्टी तिच्याजवळ नसेल. आपल्याजवळ ती असू शकते. मात्र ती पिल्लावरच खिळून न राहता त्याच्या पाण्यावरही राहिली पाहिजे.