तहसिलीचे हशील

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून निघाल्या आणि पांढुर्णा जिल्हा झाला. या मुलखात घरची बोली मराठी, कचेरीची हिंदी. त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडी सरकारी शब्दांची दुहेरी पेटी असते. पलीकडे महाराष्ट्रात वरुडच्या सोयऱ्याकडे तलाठी, इकडे पटवारी; तिकडे फेरफार, इकडे नामांतरण; तिकडे सातबारा, इकडे खसरा. तहसील मात्र दोन्हीकडे तहसीलच.

शब्द अरबी आहे. ह-स-ल ही त्याची धातुव्यंजने. अर्थ हाती येणे, पदरात पडणे. तहसील म्हणजे गोळा करणे, महसूल म्हणजे गोळा झालेले. त्यांचेच भावंड 'हासिल' मराठीत 'हशील' झाले. आधी ते सारा-जकातीचे नाव होते, मग लाभाचे, आणि आता 'रागावून काय हशील?' एवढ्या प्रश्नापुरते उरले आहे. 'महसूल वसूल केला' असे आपण एका दमात म्हणतो, म्हणून 'वसूल'ही याच घरातला वाटतो. पण त्याचा धातू व-स-ल, म्हणजे येऊन पोचणे, मिळणे. उर्दू शायर ज्या 'वस्ल'साठी, म्हणजे मीलनासाठी, झुरतो, त्याचा सख्खा भाऊ आपल्या पावतीपुस्तकात बसला आहे!

तहसीलदार म्हणजे गोळा करणारा; कलेक्टरचाही अर्थ तोच. 1772 मध्ये गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जच्या काळात हे इंग्रजी पदनाम बंगालात रुजले. पांढुर्ण्याकडे ते उशिरा आले असावे: 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, आणि तिथे जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर असे. आज पांढुर्ण्याला कलेक्टर आणि तहसीलदार दोघेही आहेत, म्हणजे अर्थाच्या हिशेबाने एकच पद दोन पायऱ्यांवर.

'जिल्हा' अधिक गमतीचा. अरबी 'दिलअ' म्हणजे बरगडी, म्हणून बाजू, म्हणून प्रदेशाचा एक भाग. फारसी उच्चारात 'द'चा 'ज' झाला. हिंदीत 'जिला'. मग मराठीतला 'ह' कुठून आला? शेवटच्या ऐन या कंठ्य वर्णाचा तो अवशेष म्हणावा, तर 'कलअ'चा 'किल्ला' झाला, तिथे 'ह' नाही. उलट 'जिला', म्हणजे चकाकी, या अरबी शब्दाच्या अंती ऐन नसूनही आपण 'जिल्हई' म्हणतो. तेव्हा हा 'ल्ह' मराठी जिभेनेच आवडीने घडवलेला दिसतो. मला तरी हेच उत्तर पटते.

कचेरीच्या सामानाकडे वळलो की दूरदूरचे शब्द एका रांगेत येतात. वॉशिंग्टनच्या संघीय कारभाराला 'ब्युरोक्रसी' म्हणतात. त्यातला फ्रेंच 'ब्युरो' मुळात मेजावर अंथरायचे जाडेभरडे लोकरी कापड. मग ते मेज, मग मेजाची खोली, शेवटी खाते. एफबीआयमधला 'बी' तोच. आपले 'दफ्तर' फारसीतून आले, पण त्याचे मूळ ग्रीक 'दिफ्थेरा', कमावलेले कातडे. त्यावर लिहीत असत. पटवाऱ्याच्या 'पट्टा'चा संस्कृतात अर्थ फळी, पत्रा आणि कापडाची पट्टीही. म्हणजे अधिकार कुणाचाही असो, त्याचे नाव बहुधा ज्यावर लिहिले जाते किंवा जे मेजावर अंथरले जाते त्यावरूनच पडलेले दिसते.

आणि पटवाऱ्याचा 'बस्ता' विसरून चालणार नाही. फारसी 'बस्तन' म्हणजे बांधणे, 'बस्ता' म्हणजे बांधलेले. गावचे नकाशे, खसऱ्याची पाने कापडात बांधून ठेवली की झाला बस्ता. मराठी घरात मात्र बस्ता म्हटला की लग्नाचे लुगडे-धोतर आठवते: दुकानदार कपडे बांधून देतो म्हणून तोही 'बांधलेला'च. सौंसरच्या बाजारात 'बस्ता झाला का?' असे कुणी विचारले, तर प्रश्न वधूपित्याला आहे की पटवाऱ्याला, हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ओळखायचे.