पारपत्र कोणाचे? मर्जी, हक्क आणि रांगेचा इतिहास (थ्रेड)

भारतीय पारपत्राच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या पासपोर्टच्या, पुस्तिकेत एक वाक्य छापलेले असते: ही पुस्तिका भारत सरकारची मालमत्ता आहे. नाव नागरिकाचे, छायाचित्र नागरिकाचे, शुल्कही त्यानेच भरलेले. मालकी मात्र सरकारची. १९६७च्या पारपत्र अधिनियमाचे कलम १७ हेच सांगते. पुस्तिका सरकारची असेल, पण ती मिळण्याचा हक्क कोणाचा? आणि तो किती दिवसांत मिळावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात पुढची चार दशके गेली.

आरंभ मागून करू. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे अडचणींचा डोंगर होता. समुद्र ओलांडण्याला समाजाचा विरोध, पैशाची चणचण, नाजूक प्रकृती. पारपत्राची सक्ती मात्र नव्हती. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, तेव्हाही चित्र फारसे वेगळे नव्हते. माणसाची ओळख त्याच्या शिफारसपत्रावर आणि बोटीच्या तिकिटावर भागत असे.

पहिल्या महायुद्धाने हे जग संपवले. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ कॅनडाच्या किनाऱ्यावरून परत फिरवली गेली. त्याच सुमारास गदर पक्षाचे लोक मायदेशी परतू लागले आणि ब्रिटिश सरकारला प्रत्येक उतारूत बंडखोर दिसू लागला. युद्धकाळातले निर्बंध युद्धाबरोबर संपायला हवे होते. ते कायम झाले. १९२० साली भारतात प्रवेश करणाऱ्यांसाठी पारपत्राचा कायदा आला. (हा कायदा थेट २०२५ पर्यंत पुस्तकात राहिला. साम्राज्य गेले, कायदा राहिला!) त्याच वर्षी पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेने ३२ पानी पुस्तिकेचा नमुना सुचवला. आजची पुस्तिका त्याच घराण्यातली.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. १९२०चा कायदा भारतात *येण्याविषयी* होता. भारताबाहेर *जाण्यासाठी* पारपत्र हवेच, असे तो म्हणत नव्हता. पण पारपत्र नसलेल्या उतारूला कोणती जहाज कंपनी घेणार? परक्या बंदरातून त्याला परत आणण्याचा भुर्दंड तिच्याच माथी. म्हणजे कायद्यात बंदी नाही, व्यवहारात दार बंद, आणि किल्ली सरकारी कचेरीत.

स्वातंत्र्यानंतरही ही किल्ली त्याच खिशात राहिली. १९५४ साली मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर अशी पहिली पाच प्रादेशिक पारपत्र कार्यालये सुरू झाली. पण पारपत्र द्यावे की नाही, किती दिवसांत द्यावे, दिलेले परत मागावे का, यांपैकी कशालाही संसदेने केलेला नियम नव्हता. सरकारचे म्हणणे असे की, पारपत्र हा एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राला उद्देशून दिलेला राजकीय दस्तऐवज आहे. तो देणे ही शासनाची मर्जी. मर्जीच्या राज्यात विलंब फार सोयीचा असतो. नकार दिला तर कोणी कारण विचारील. अर्ज पडून राहिला तर काय विचारणार?

१९६६ साली या मर्जीला धक्का बसला. वाहनांचे सुटे भाग आणि यंत्रसामग्री यांच्या आयात-निर्यातीत असलेल्या दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला त्याची दोन्ही पारपत्रे परत करण्याचा आदेश आला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर उच्च न्यायालयांत मतभेद माजले होते. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे मुंबई, केरळ आणि म्हैसूरच्या उच्च न्यायालयांनी म्हटले होते. दिल्लीचे मत उलट होते. या प्रश्नावर मुंबईचा कौल नागरिकाच्या बाजूने आधीच पडलेला होता, हे मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावे.

१० एप्रिल १९६७. ‘सतवंत सिंग साहनी’ खटल्याचा निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांच्या बहुमताने सांगितले की, परदेशप्रवासाचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात येतो आणि कायद्याने ठरवलेल्या पद्धतीवाचून तो हिरावता येत नाही. एकाला द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि त्याला कसलाही निकष नाही, हे समानतेच्या अनुच्छेद १४ मध्येही बसत नाही. हिदायतुल्ला आणि बछावत या न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. सुब्बाराव दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी पायउतार झाले. जाता जाता त्यांनी किती मोठे दार उघडले होते, हे सरकारला लगेच कळले. पद्धत ठरवणारा कायदाच नव्हता, त्यामुळे नकार देण्याचा अधिकारच हवेत लोंबकळू लागला. मे महिन्यात अध्यादेश निघाला आणि २४ जून १९६७ रोजी पारपत्र अधिनियम अस्तित्वात आला. आज हाच दिवस ‘पासपोर्ट सेवा दिवस’ म्हणून साजरा होतो. सेवेचा दिवस खरा, पण त्यामागे सरकारने हरलेला एक खटला आहे.

या कायद्याने नकाराची कारणे कलम ६ मध्ये बांधून दिली, कारण लेखी नोंदवणे बंधनकारक केले, अपिलाची वाट दिली. मर्जीला कुंपण पडले. कुंपणाला फट राहिलीच: ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ पारपत्र जप्त करण्याचा अधिकार. जुलै १९७७ मध्ये मेनका गांधींचे पारपत्र याच शब्दांखाली परत मागितले गेले. कारण विचारले, तर तेही जनहितासाठी सांगता येत नाही, असे उत्तर आले! २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला (पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड त्यात होते). कायद्याने ठरवलेली पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे, हे तत्त्व या निकालाने रुजवले. भारतीय घटनाकायद्याची एक मोठी वाट अशा प्रकारे एका पारपत्रातून फुटली.

हक्क ठरला. मुदत नाही ठरली.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामे उभी राहू लागली आणि केरळप्रमाणेच रत्नागिरी-रायगडच्या गावांतून तरुण तिकडे निघाले. अर्जांचा पूर आला. यंत्रणा मात्र कागदाचीच. अर्ज हाताने भरायचा. त्याबरोबर वैयक्तिक तपशिलाचे फॉर्म जोडायचे. ते टपालाने पोलीस मुख्यालयात, तिथून स्थानिक ठाण्यात, अहवाल त्याच वाटेने परत. मग पुस्तिकेत हाताने नाव लिहायचे, छायाचित्र चिकटवायचे. एका टप्प्यावर फाइल अडली की पुढचे सगळे टप्पे थांबत आणि ती नेमकी कुठे अडली आहे, हे अर्जदाराला कळण्याचा मार्ग नसे.

दलाल इथेच जन्मला. तो प्रामुख्याने पारपत्र विकत नव्हता, माहिती विकत होता: कोणता कागद कमी आहे, फाइल कोणत्या टेबलावर आहे. ज्याला नोकरीच्या पत्रावरची तारीख गाठायची आहे, त्याच्यासाठी ही माहिती सोन्याच्या भावाची.

विलंबाचे खरे दुखणे माणसांच्या आळसापेक्षा रचनेत होते, हे मान्य व्हायला २००७ उजाडले. त्या वर्षी पासपोर्ट सेवा प्रकल्पाला मंजुरी मिळाली, २०१० साली बंगळुरूमध्ये पहिले सेवा केंद्र उघडले आणि २०१२ पर्यंत देशभर ७७ केंद्रे उभी राहिली. रचना साधी होती. ‘अ’ खिडकीवर खासगी कंपनीचे कर्मचारी कागद आणि बोटांचे ठसे घेतात, ‘ब’वर सरकारी अधिकारी पडताळणी करतो, ‘क’वर मंजुरी देणारा अधिकारी. निर्णय सरकारकडेच, कारकुनी बाहेर. वेळ आधी ऑनलाइन ठरवायची, अर्जाची स्थिती घरबसल्या पाहायची. दलालाचा माल एका फटक्यात फुकट झाला. जानेवारी २०१७ पासून म्हैसूर आणि दाहोद येथून टपाल कार्यालयांतही अशी केंद्रे सुरू झाली.

कागदांची छाटणी त्याहून उशिरा झाली. २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांकडे केवळ जन्मदाखलाच मागितला जाई. ज्या खेड्यात जन्माची नोंदच झाली नाही, तिथल्या मुलाने काय करायचे? डिसेंबर २०१६ मध्ये शाळेचा दाखला, पॅन, आधार असे पर्याय मान्य झाले. आई-वडिलांपैकी एकाचेच नाव पुरेसे ठरले आणि घटस्फोटित व एकल पालकांची एक जुनी ससेहोलपट थांबली.

एक पाऊल मागेही पडणार होते. जानेवारी २०१८ मध्ये दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगारांना नारिंगी रंगाची वेगळी पुस्तिका देण्याचा विचार जाहीर झाला. परदेशातल्या खिडकीवर गरिबी रंगावरून ओळखू आली असती. टीकेचा भडिमार झाला आणि महिना संपायच्या आत प्रस्ताव मागे घेतला गेला.

राहिली पोलीस पडताळणी. केंद्राने येथे पैशाची युक्ती केली: अहवाल २१ दिवसांत दिला तर पोलिसांना प्रतिअर्ज १५० रुपये, उशीर झाला तर ५०. पोलीस हा राज्याचा विषय असल्याने केंद्राला याहून फार काही करता येत नाही. आता नाशिकच्या सरकारी छापखान्यात चिप बसवलेल्या पुस्तिका तयार होतात. एप्रिल २०२४ मध्ये त्यांची चाचणी भुवनेश्वर आणि नागपूर येथून सुरू झाली. १९५४च्या पहिल्या पाच कार्यालयांपैकी एक तेच नागपूर. चिप आली, तरी बहुतेक नव्या अर्जदारांची फाइल आजही जवळच्या पोलीस ठाण्यातून जाते आणि एक पोलीस शिपाई दिलेल्या पत्त्यावर माणूस खरोखर राहतो का, हे विचारत येतो. काही शहरांत त्याच्या हातात आता कागदाऐवजी टॅबलेट असतो.