वाळू, वारा आणि कोलारेशची द्राक्षभूमी

एखाद्या प्रदेशाच्या मद्याचा गुण तेथील माती व हवा यांनी ठरतो, हे मत इतके रूढ आहे की त्याची ऐतिहासिक तपासणी सहसा होत नाही. पोर्तुगालमधील कोलारेश या लहानशा किनारी प्रदेशात मात्र माती तीच राहून तिचे मोल शे-सव्वाशे वर्षांत दोनदा पालटल्याचे आढळते.

लिस्बनच्या पश्चिमेस, सिंत्राचे डोंगर व अटलांटिक महासागर यांच्या मध्ये हा प्रदेश वसला आहे. वारा खारा व जोरकस. ऐन उन्हाळ्यातही धुके पुष्कळ. जून ते सप्टेंबर हे आपल्याकडील पावसाचे महिने तेथे कोरडे जातात. त्यामुळे वेलीस ओल मिळावयाची ती वाळूच्या थराखालील चिकणमातीतून. लागवडीसाठी त्या मातीपर्यंत चर खणावा लागे. काही ठिकाणी तो कित्येक मीटर खोल जाई. वाळू ढासळून गाडले गेल्यास श्वासापुरती हवा राहावी म्हणून खणणारे मजूर डोक्यावर टोपली घालीत. वेल वाढेल तसतसा चर बुजवीत. वाऱ्याच्या भयाने वेली जमिनीसरपट ठेवावयाच्या, वाळक्या वेतांची कुंपणे घालावयाची, आणि तापलेल्या वाळूने घड करपू नयेत म्हणून त्यांना लहान टेकू द्यावयाचे. इतक्या खटाटोपाने रामिस्को जातीच्या द्राक्षांपासून होणारे तांबडे मद्य आंबट-तुरट असते व मुरण्यास वर्षे घेते. सुज्ञ शेतकऱ्याने अशी जमीन आपण होऊन निवडली असती, असे वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा ही उत्तर अमेरिकेतील कीड युरोपात शिरली. इ. स. १८६८ मध्ये प्लांशों व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये ती मुळांवर शोधून काढली. पोर्तुगालमधील दोरू खोऱ्याचीही तिने धूळधाण केली. मातीच्या भेगांतून ती मुळांकडे सरकते; सुट्या वाळूत अशा वाटा टिकत नाहीत. इतरत्र अमेरिकी खुंटांवर कलमे बांधावी लागली, तर कोलारेशच्या वेली स्वतःच्या मुळांवरच राहिल्या. कालपर्यंतचा जाच एकाएकी संरक्षण ठरला, आणि इ. स. १९०८ मध्ये या प्रदेशाच्या सीमा कायद्याने आखल्या गेल्या.

पुढे कलमांमुळे इतर प्रदेश सावरले. त्यांना खोल चर खणण्याचे कारण नव्हते. कोलारेशची मजुरी मात्र कमी होईना. इ. स. १९३१ मध्ये उत्पादकांचे सहकारी मद्यगृह स्थापन झाले, तरी ऱ्हास थांबला नाही. लिस्बन वाढले, समुद्रकिनारी विश्रामगृहे उठली, आणि वाळू द्राक्षांपेक्षा घरांसाठी अधिक भावाने विकली जाऊ लागली.

फ्रेंच भूगोलज्ञ रोजे दियों यांनी इ. स. १९५९ च्या आपल्या ग्रंथात द्राक्षभूमीच्या कीर्तीचे श्रेय मातीपेक्षा बाजारपेठ व मानवी श्रमास दिले. कोलारेशच्या उत्कर्षाच्या बाबतीत हे मत अपुरे वाटते, कारण तेथे वाळूनेच वेली राखल्या. ऱ्हासाच्या बाबतीत ते बरेचसे पटते. आज तेथे काही थोडे हेक्टर द्राक्षमळे उरले आहेत. वाळूत, स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या वेलींच्याच मद्यास कोलारेश हे नाव लावता येते. बांधकामाखाली गेलेल्या जमिनीची भरपाई पलीकडच्या घट्ट मातीत करण्याची सोय त्या नियमात नाही.