अग्निबाणांचे पहारेकरी

वैनगंगेच्या तीरीं असलेल्या पवनी गांवाला तीन बाजूंनीं तट व खंदक आणि चौथ्या बाजूस नदी, असें संरक्षण आपल्या पूर्वजांनीं योजिलें. बाहेरचा शत्रु आंत येऊं नये, हा त्याचा हेतु. अग्निबाण सोडण्याच्या तळालाहि असा तट लागतो. मात्र तेथें धोका आंत असतो आणि राखावयाचें असतें तें बाहेरच्या लोकांना. भारतांत ही राखण सुरू होऊन साठांहून अधिक वर्षें लोटलीं, आणि तिच्या आरंभापासून मराठी माणसांचा तींत वांटा आहे.

कोल्हापुरास 1925 सालीं जन्मलेले एकनाथ चिटणीस हे डॉ. विक्रम साराभाई यांचे निकटचे सहकारी. केरळांतील थुंबा हें ठिकाण शोधण्यांत त्यांचा मोठा हात होता. चुंबकीय विषुववृत्त जवळून जात असल्यामुळें तें शास्त्रज्ञांच्या सोयीचें होतें. तेथील कोळ्यांची वस्ती दुसरीकडे हलविण्यांत आली आणि चर्चच्या इमारतींत काम सुरू झालें. 21 नोव्हेंबर 1963 रोजीं तेथून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा, आणि त्यांतील सोडियमच्या वाफेचें उपकरण फ्रान्सचें. त्याची जुळणी व सुरक्षितता ए. पी. जे. अब्दुल कलाम यांजकडे, तर रडार व दूरमापन आर. अरवमुदन यांजकडे सोंपविलें होतें. पुढें 1994 सालीं विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झालेले प्रमोद काळे हेहि त्या पहिल्या तरुण मंडळींपैकींच. ऐन वेळीं यारीच्या यंत्रांतून तेल गळूं लागलें, तेव्हां अग्निबाण हातांनीं उचलून जागेवर बसवावा लागला.

अग्निबाण सुटला म्हणजे काम संपलें असें पाहणारास वाटतें. परंतु पहारेकऱ्यांचें खरें काम तेथूनच सुरू होतें. रडारच्या लहरी यानाचें अंतर व दिशा सांगत राहतात. यानांतील उपकरणें दाब, उष्णता व वेग यांचीं मापें रेडिओनें खालीं पाठवितात. गणकयंत्र क्षणोक्षणीं एकाच प्रश्नाचें उत्तर काढीत असतें: या घटकेस इंजिन बंद पडलें, तर हें धूड कोठें कोसळेल? तो बिंदु आंखून दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊं लागला, तर सुरक्षा अधिकाऱ्यानें संहाराची आज्ञा द्यावयाची, आणि यानांत आधींच बसविलेल्या स्फोटकांनीं त्याचे तुकडे करावयाचे. विचाराला अवधि मिळतो तो कांहीं सेकंदांचा.

उपग्रह सोडण्याइतके मोठे अग्निबाण करावयाचे, तर थुंबा अपुरें पडणार हें लवकरच दिसून आलें. पृथ्वीच्या फिरण्याचा लाभ मिळावा म्हणून पूर्वेकडे सोडतां येईल असा किनारा हवा होता. या शोधांतहि चिटणीस होते. आंध्रांतील श्रीहरिकोटा हें बेट निवडलें गेलें. त्याच्या एका अंगास पुलिकत सरोवर, दुसऱ्या अंगास बंगालचा उपसागर. पवनीचा खंदक आणि नदी जणूं निसर्गानेंच येथें मांडून ठेविली होती. तथापि तें बेट निर्मनुष्य नव्हतें. यानाडी लोक तेथें रहात असत. 9 ऑक्टोबर 1971 रोजीं तेथून पहिला लहान अग्निबाण उडाला. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह दक्षिणेकडे सोडावे लागतात. वाटेंत श्रीलंका येते; म्हणून अग्निबाणास वळसा घ्यावा लागतो. त्या वळशांत इंधन खर्चीं पडतें आणि वाहून नेण्याचा भार घटतो. परक्या देशाच्या वस्तीसाठीं हा तोटा सोसला जातो.

संहाराचा प्रसंग केवळ कागदावर राहिला नाहीं. 10 जुलै 2006 रोजीं जी. एस. एल. व्ही. हें यान एक इंजिन निकामी झाल्यामुळें भरकटलें, आणि त्याचे अवशेष समुद्रांत पडले. 25 डिसेंबर 2010 रोजीं त्याच जातीच्या दुसऱ्या यानाचा ताबा सुटला, तेव्हां 64 व्या सेकंदास संहाराची आज्ञा देण्यांत आली. अनेकांच्या अनेक वर्षांच्या श्रमांचा एका क्षणांत धुरळा झाला, परंतु एकहि जीव गेला नाहीं. याच्या उलट 15 फेब्रुवारी 1996 रोजीं चीनमधील शीचांग येथील अग्निबाण सुटतांच कलला आणि जवळच्या डोंगरावर आदळला. सरकारी सांगण्याप्रमाणें 6 माणसें मेलीं.

या पहाऱ्यालाहि सीमा आहे. 2 एप्रिल 2022 रोजीं, गुढीपाडव्याच्या संध्याकाळीं, विदर्भाच्या आकाशांतून जळते लोळ जातांना लोकांनीं पाहिले, आणि पवनीपासून फारशा दूर नसलेल्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी येथें सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें कडें पडलें. वर्षभरापूर्वीं सोडलेल्या चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा, असें जाणकारांचें मत पडलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. कक्षेंत पोंचून निकामी झालेल्या अशा टांकाऊ भागावर कोणत्याहि तळाची आज्ञा चालत नाहीं. तळाभोंवतीं तट उभारण्याची विद्या मनुष्याला साधली आहे. वर सोडलेलें सुखरूप खालीं आणण्याची जबाबदारी सर्व राष्ट्रांनीं मिळून अद्याप पत्करावयाची आहे. तोंवर वैनगंगेच्या खोऱ्यांतील शेतकरीहि श्रीहरिकोट्याच्या कोळ्याइतकाच या प्रश्नाशीं बांधलेला आहे.