वैरागडचा हिरा कोणी पाहिला? एका संदर्भाचा माग

आरमोरी तालुक्यातील वैरागडच्या किल्ल्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य लिहितोच : येथे हिऱ्यांची खाण होती. महाविद्यालयीन प्रकल्पांत, स्मरणिकांत, फिरत्या संदेशांत ते आढळते आणि पुढे कंसात ‘आईने-अकबरी’ असा भारदस्त उल्लेख असतो. तो ग्रंथ उघडून पाहिलेले किती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आजच्या धाग्यात त्या एका वाक्याचा माग काढू. संशोधनाचे साधन कसे शोधावे, कसे वापरावे आणि त्याचा निर्देश कसा करावा, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून घरचे उदाहरण मला सापडलेले नाही.

पहिली अडचण नावांची. ग्रंथालयाच्या सूचीत वा संगणकावर ‘गडचिरोली जिल्हा’ असा शोध घेतल्यास जुने काही फारसे हाती लागत नाही. कारण हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जन्मला. त्याआधी तो चंद्रपूर आणि इंग्रजी अमदानीत चांदा. वैरागडही इंग्रजी ग्रंथांत ‘वैरागढ’ होतो आणि फारसीच्या भाषांतरात ‘बीरागढ’. इंग्रजी अक्षररचना कधी डब्ल्यूने सुरू होते, कधी बीने. चार-पाच रूपांनी शोध घेतल्याशिवाय ‘साधने उपलब्ध नाहीत’ असे प्रबंधात लिहू नये.

आता मागे जाऊ. अलीकडच्या लेखनातील मजकूर बहुधा १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरपाशी पोहोचतो. जुन्या इतिहासापुरते ते गॅझेटियर मेजर लूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या बंदोबस्त अहवालावर बरेचसे विसंबलेले आहे. म्हणजे संदर्भसूचीत दहा पुस्तके असली, तरी साक्षीदार एकच असू शकतो. परीक्षकही पुष्कळदा पुस्तके मोजतात, साक्षीदार मोजत नाहीत, असो.

आणखी मागे गेले की अबुल फजल भेटतो. ‘आईने-अकबरी’ सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली. कर्नल जॅरेट यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचा दुसरा खंड १८९१ साली निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती सर जदुनाथ सरकार यांनी १९४९ मध्ये सिद्ध केली. त्यातील वऱ्हाड सुभ्याचे प्रकरण काढावे. चांद्याच्या गोंड अधिपतीच्या ताब्यातील बीरागढ येथे हिऱ्यांची खाण आहे, असे तेथे खरोखरच म्हटले आहे. पण त्याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी आहेत : बीरागढला नक्षीदार कापड विणले जाते, आणि ते ठाणे या राजाने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका सरदाराकडून हिसकावून घेतले आहे.

हिरा सर्वांनी उचलला, कापड कोणी उचलले नाही. टसर रेशमासाठी ओळखल्या जाणाऱ्या आरमोरीच्या शेजारी चारशे वर्षांपूर्वी नक्षीचे विणकाम होत होते, ही नोंद मला हिऱ्यांहून मोलाची वाटते. त्यावरून टसरची परंपरा थेट अकबरकाळापर्यंत नेता येणार नाही, कारण अबुल फजल टसर म्हणत नाही. पण संशोधनाचा एक विषय त्या अर्ध्या वाक्यात दडलेला आहे, आणि मूळ पान उलटणाऱ्यालाच तो दिसतो.

याहूनही जुना म्हणून एक पुरावा दिला जातो. चोळ सम्राट पहिला कुलोत्तुंग याच्या तमिळ शिलालेखांत ‘वयिरागरम्’ येथे हत्ती हस्तगत केल्याचा उल्लेख आहे. रायबहादूर हिरालाल आदी अभ्यासकांनी हे ठिकाण म्हणजे वैरागड असे मानले. संस्कृत ‘वज्राकर’ म्हणजे हिऱ्यांची खाण, म्हणून ते पटतेही. मात्र लेखात हत्ती आहेत, खाण नाही. खाण नावाच्या व्युत्पत्तीतून आली आहे. तेव्हा ‘शिलालेखात हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे’ हे विधान चुकीचे, आणि ‘अभ्यासकांच्या मते हे स्थळ वैरागड असावे’ हे योग्य. द्वापरयुगातील वैरोचन राजाने नगर वसवल्याची कथा तिसऱ्या प्रतीची. तीही लिहावी, पण आख्यायिका म्हणून.

राहिली तळटीप. जे पुस्तक प्रत्यक्ष वाचले, तेच तीत यावे. केवळ गॅझेटियर पाहिले असेल, तर ‘अबुल फजल, चांदा जिल्हा गॅझेटियर (१९०९) मध्ये उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. जॅरेट वाचला असेल, तर भाषांतरकार, खंड आणि आवृत्तीचे वर्ष द्यावे. १८९१ व १९४९ च्या आवृत्त्यांतील पृष्ठांक एकच आहेत असे गृहीत धरू नये. संगणकावरील छायाप्रत वापरताना छापील पानावरचा अंक घ्यावा, पडद्यावरचा नव्हे. ‘शोधगंगा’वरील प्रबंध पाहताना गोंडवाना विद्यापीठापाशी थांबू नये. ते २०११ चे. त्यापूर्वीचे या भागावरील काम नागपूर विद्यापीठाच्या नावाखाली शोधावे लागते. प्रबंधातील मजकुरापेक्षा त्याची संदर्भसूची आधी वाचावी.

अबुल फजल आणि लूसी स्मिथ यांच्यात सुमारे पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे. त्यातील १७५१ पासूनची शंभर वर्षे चांदा नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि त्यांचा कारभार मोडीत चाले. खाण केव्हा आणि का थांबली, विणकर कोठे गेले, हे विचारायचे असेल, तर पुढची पायरी नागपूरच्या पुराभिलेखागाराची आहे, आणि त्याआधी मोडीच्या बाराखडीची.